दारावरचा धारवाला आणि दुकानातील धार

स्वयंपाकघरात सर्वांत जास्त वापर होतो आणि सर्वांत कमी काळजी घेतली जाते, ती सुरीची. मिक्सर बिघडला की दुसऱ्याच दिवशी तो दुरुस्तीला जातो. सुरी मात्र टोमॅटो कापण्याऐवजी चेपू लागली, तरी आपण महिनोन्‌महिने तिच्यावर जोर काढत राहतो. बोथट सुरीला जास्त दाब द्यावा लागतो, त्या दाबाने पाते घसरते आणि बोटावर येते. म्हणूनच जुन्या बायका बोथट सुरीला जास्त भीत असत आणि गल्लीत धारवाल्याची हाक आली की विळी, सत्तूर, कैची घेऊन दारात येत.

आता ती हाक कमी झाली आहे. मोठ्या शहरांत धार लावून देणारी खास दुकाने निघाली आहेत. काही जण सुऱ्या कुरिअरने मागवून घेतात आणि धार लावून परत पाठवतात. त्यांचा दर धारवाल्याच्या कितीतरी पट असतो. मग सुरी द्यावी कोणाकडे? आमचे उत्तर असे की आधी सुरी पाहावी, मग कारागीर ठरवावा.

जुना हुन्नर

धार लावणे हे स्वतंत्र कसब आहे. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे ‘शिकलगार’ आडनावाची अनेक मुस्लिम घराणी आहेत. अरबीत ‘सैकल’ म्हणजे घासून चकचकीत करणे. त्याला फारसी ‘गर’ जोडून ‘सैकलगर’ झाला आणि मराठीत तो शिकलगार म्हणून रुळला. लोहाराने पाते घडवायचे आणि शिकलगाराने त्याला झळाळी व धार द्यायची, अशी कामाची वाटणी होती. जपानमधील साकाई या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध शहरात आजही पाते घडवणारा वेगळा आणि धार लावणारा वेगळा असतो.

धारेच्या दगडाचाही आपल्याशी संबंध आहे. कुरुंद हा हिऱ्याच्या खालोखाल कठीण मानला जाणारा दगड. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हे त्याचे नाव भारतीय भाषांतूनच तिकडे गेले. आज चाकांसाठी बहुधा कारखान्यात बनवलेला कुरुंद किंवा कार्बोरंडम वापरतात.

ठिणग्यांचा अर्थ

धारवाल्याची सायकल स्टँडवर उभी असते. पायडल मारले की पट्ट्यावरून दगडाचे चाक गरगर फिरते, पाते टेकले की ठिणग्या उडतात आणि मुले भोवती जमतात. या ठिणग्या म्हणजे पात्यातून निघालेले, तापून जळणारे पोलादाचे कण. सुरी घडवताना पोलादाला जे ‘पाणी’ दिलेले असते, त्यानेच ते कठीण होते. कोरड्या चाकावर पातळ धार जास्त तापली की हे पाणी उतरते. धारेजवळ निळसर किंवा तपकिरी डाग दिसला, तर समजावे की तेवढा भाग मऊ पडला. अशी सुरी त्या दिवशी छान कापते आणि आठवड्याभरात पुन्हा बोथट होते.

आमच्या शाळेजवळच्या गल्लीत येणाऱ्या एका वयस्क धारवाल्याला आम्ही विचारले, “चाचा, ठिणग्या जास्त म्हणजे धार चांगली का?” ते हसून म्हणाले, “नै मास्टरसाब, चिंगारी मतलब लोहा जा रहा. हाथ हलका होना, पानी पास होना.” त्यांच्या सायकलला पाण्याचा डबा टांगलेला होता आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर ते पाते त्यात बुडवत होते. म्हणजे दोष चाकाचा नसतो, घाईचा असतो. आणि बरेचदा ही घाई आपणच लावतो: दर पाडून घेतो आणि वर ‘लवकर करा’ म्हणतो.

दुकानात काय वेगळे होते

चांगला व्यावसायिक आधी पाते कोणत्या पोलादाचे आहे आणि धारेचा कोन किती आहे, हे पाहतो. साधारण युरोपीय पद्धतीच्या सुरीला प्रत्येक बाजूने सुमारे २० अंशांचा, तर जपानी पद्धतीच्या पातळ सुरीला सुमारे १५ अंशांचा कोन ठेवतात. हाड फोडणाऱ्या सत्तुराची धार याहून जाड लागते, नाहीतर तिचे तुकडे उडतात. काम ओल्या दगडावर किंवा पाण्याने थंड राहणाऱ्या यंत्रावर होते. दगडाला क्रमांक असतात: खाचा काढायला ४०० च्या आसपासचा भरड, रोजच्या धारेसाठी १००० चा आणि झळाळीसाठी ३००० किंवा त्यापुढचा. शेवटी चामड्यावर पाते फिरवून धारेला चिकटलेली बारीक पोलादी किनार काढली जाते. या सगळ्याला वेळ लागतो आणि पैसे त्या वेळेचे असतात.

कोणाला काय द्यावे?

विळी, सत्तूर, जाड पात्याची साधी सुरी, घरातील कैची ही कामे धारवाला उत्तम करतो. कैची देताना फक्त उतरत्या कडेला धार लावायला सांगावे. दोन पाती ज्या बाजूने एकमेकांना घासतात, ती सपाट बाजू घासली तर कैची कपडा कापण्याऐवजी चावते.

महागडी, पातळ किंवा जपानी पद्धतीची सुरी मात्र व्यावसायिकाकडेच द्यावी. पाव कापायची दातेरी सुरी चाकावर धरली तर तिचे दातेच जातात. सिरॅमिकच्या सुरीला हिऱ्याचा कस असलेला दगड लागतो. ती दारावर देऊ नये.

धार घेतल्यावर पैसे देण्याआधी पिकलेला टोमॅटो किंवा कागद कापून पाहावा. जोर न लावता कापला गेला, तर काम झाले. बोटाने धार तपासू नये.

बकरी ईदची तयारी

आपल्या घरात सुरीच्या धारेला आणखी एक अर्थ आहे. सहीह मुस्लिममधील, हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक कामात एहसान, म्हणजे उत्तमपणा, राखण्याची शिकवण दिली आणि जनावर जबह करताना सुरीला नीट धार लावून त्याचा त्रास कमी करण्याची ताकीद दिली. जनावराच्या डोळ्यांसमोर सुरी पाजळू नये, हेही शिकवले गेले आहे. म्हणजे धारदार सुरी ही तेथे सोय नसून जबाबदारी आहे.

ईदच्या आदल्या दिवशी मात्र प्रत्येक धारवाल्याकडे आणि दुकानात रांग लागते. अशा गर्दीत हलका हात आणि पाण्याचा डबा कोठून आठवणार? कुर्बानीची सुरी आठ-दहा दिवस आधीच द्यावी, धार तपासावी, पुसून कोरडी करावी, तेलाचा हात फिरवावा आणि जाड कापडात गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. ती सुरी भाजीला वापरू नये. हाडांसाठी सत्तूर वेगळा ठेवावा.

धार टिकवणे घरच्यांच्या हाती

कडाप्पा, स्टीलचे ताट किंवा काचेवर कापणे म्हणजे धारेचा शत्रू घरात पाळणे. लाकडी पाट वापरावा. सुरी भांड्यांच्या ढिगात टाकू नये, लिंबू कापल्यावर लगेच धुऊन पुसावी. मटणवाल्यांकडे असते तशी पोलादी कांडी मिळाल्यास दोन्ही बाजूंनी हलकेच चार-पाच वेळा सुरी फिरवावी. त्याने नवी धार निघत नाही, पण वाकलेली धार सरळ होते. कांडी नसेल, तर चिनी मातीच्या कपाच्या तळाची खरखरीत कड तात्पुरती चालते.

एवढे केले तर वर्षातून दोन-तीनदाच धार लावावी लागेल. त्यांतली निदान एक फेरी दारावरच्या कारागिरासाठी राखावी. त्याच्याकडे दुकान नाही, जाहिरात नाही. चाक, सायकल आणि हाताचे कसब एवढीच त्याची हलाल कमाईची साधने. काम चोख करायला सांगावे, त्यासाठी त्याला वेळ द्यावा आणि तो सांगेल तो वाजवी दर घासाघीस न करता द्यावा. या वर्षी ईदच्या आधी सर्व सुऱ्या एकदा टोमॅटोवर चालवून पाहा. कोणती कोणाकडे द्यायची, ते तिथेच कळेल.