मोऱ्याची लाँच, उरणची लोकल आणि घरचे घड्याळ

उरणात लग्न होऊन आलेल्या मुलीला पहिल्या दोन-चार महिन्यांत एक गणित शिकावे लागे. हे गणित शाळेच्या पुस्तकात नाही. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती आणि तिथून सहा तासांनी, पावणेदहाच्या सुमारास, पुरती ओहोटी. आपल्याकडे तिला सुकती म्हणतात. अष्टमीला भरती सहाला, एकादशीला सव्वाआठला. रोज साधारण पाऊण तास पुढे सरकत जाणारे हे घड्याळ चंद्राच्या चावीवर चालते. त्याला ना रविवार ठाऊक, ना पगाराचा दिवस.

हे गणित कोळीबांधवांचे, असे बाहेरच्या माणसाला वाटते. पण ज्या घरात होडी नाही, जाळे नाही, अशा घरातल्या बाईलाही ते तोंडपाठ असे. कारण घरचा कर्ता माणूस मुंबईला कामाला. कोणी गोदीत, कोणी गिरणीत, कोणी महापालिकेच्या सफाई खात्यात. आणि मुंबईला जाण्याचा जवळचा रस्ता एकच, मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच. पाण्यावरून तासाभराचा प्रवास. रस्त्याने जायचे तर पनवेलच्या बाजूने किंवा वाशीच्या पुलावरून सगळी खाडी वळसा घालून.

लाँच जवळची खरी, पण मोऱ्याच्या धक्क्याला गाळ फार. कितीदा काढला तरी समुद्र तो परत आणून टाकतो. सुकतीला पाणी इतके खाली जाते की लाँच धक्क्याला लागूच शकत नाही आणि काही तास वाहतूक बंद ठेवावी लागते. त्यातही अमावास्या आणि पौर्णिमा सर्वांत कठीण. त्या दिवशी पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरतेही. आता पाऊणपट करून पाहा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती ऐन दुपारी, आणि सुकती पहाटे साडेपाचच्या नि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. कामावर जायच्या वेळेला पाणी नाही, आणि कामावरून यायच्या वेळेलाही पाणी नाही!

आपल्या बौद्ध कुटुंबांना पौर्णिमेचे महत्त्व सांगायला नको. वैशाखी पौर्णिमा, आषाढी पौर्णिमा, वर्षावासाची समाप्ती. विहारात वंदना ठरलेली, खीर शिजलेली, मुले पांढरे कपडे घालून तयार. आणि घरधनी भाऊच्या धक्क्यावर पाणी चढण्याची वाट पाहत बसलेला. असे कित्येक घरांत व्हायचे. शुभ्र चांदण्यात लाँच उशिरा लागायची आणि माणूस खीर खायला मध्यरात्री पोचायचा. याच पौर्णिमेच्या चंद्रावर कवींनी किती लिहून ठेवले आहे! मोऱ्याच्या प्रवाशाला विचारले तर तो वेगळेच काही सांगेल.

पावसाळ्याची तऱ्हा निराळी. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. मोऱ्याची लाँच मात्र भर पावसातही चालते, भाडे तेवढे वाढते. पण धक्क्यावर तीन नंबरचा बावटा लागला की सगळे थंड. मग घरच्या बाईचे कान रेडिओकडे. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. नवरा आला नाही म्हणजे बावटा लागला, कुठे तरी नातेवाईकाकडे वडाळ्याला नाही तर शिवडीला राहिला, अशी स्वतःची समजूत घालून ती मुलांना जेवायला वाढायची. त्या पिढीतल्या आपल्या आया-आज्यांनी ही काळजी कोणाजवळ बोलून दाखवली नाही. आज आपण मोबाइलवर दहा मिनिटांत तीनदा 'कुठे पोचलास?' विचारतो, तेव्हा त्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की १२ जानेवारी २०२४ पासून उरणच्या घरातले घड्याळ बदलले. त्या दिवशी खारकोपर ते उरण हा लोकलचा टप्पा सुरू झाला. खारकोपरपर्यंतचा पहिला टप्पा ११ नोव्हेंबर २०१८ ला झाला होता. पुढचे थोडेसे अंतर कापायला आणखी पाच वर्षे लागली. आता उरणला गाडीत बसले की नेरूळ नाही तर बेलापूर पाऊण तासाच्या आत येते. गाळ नाही, बावटा नाही, तिथी पाहायची गरज नाही. त्याच दिवशी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतूही खुला झाला. सेतू उरण तालुक्यात चिर्ल्याला उतरतो, म्हणजे आपल्या दारातच. पण त्यावर मोटारसायकल आणि रिक्षा यांना बंदी आहे, आणि मोटारीला सुरुवातीलाच एका वेळचे अडीचशे रुपये टोल. कामगाराच्या घरात वाहन असते ते दोन चाकांचे. तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच दिवशी आल्या असल्या तरी आपल्या घरात आली ती लोकल. सेतू आपण लांबून, संध्याकाळचे दिवे लागले की पाहतो. छान दिसतो.

लोकलने सर्वांत जास्त कोणाचे भले केले असेल तर मुलींचे.

बारावीपर्यंत आणि कला-वाणिज्यच्या पदवीपर्यंत उरणात सोय होती. गावात महाविद्यालय आहे, फुंड्याला रयत शिक्षण संस्थेचे वीर वाजेकर महाविद्यालय आहे. पण मुलीला नर्सिंग करायचे असेल, इंजिनिअरिंग किंवा फार्मसी घ्यायची असेल, तर नेरूळ, बेलापूर, पनवेल गाठणे भाग. पूर्वी हा प्रवास एसटीने किंवा नवी मुंबईच्या बसने. आणि रस्ता कोणता? तर जवाहरलाल नेहरू बंदराच्या ट्रेलरांनी भरलेला. कधी दीड तास, कधी अडीच. संध्याकाळी साडेसातला मुलगी घरी नाही म्हणजे आईचा जीव खालीवर. शेजारीपाजारी विचारायला लागत. बाप तोंडाने काही बोलत नसे, पण पुढच्या वर्षी फी भरायच्या वेळी 'कशाला एवढी धावपळ, इथेच बी.ए. कर' असा सूर निघे. मुलीच्या शिक्षणाला उघड विरोध करणारे घर आपल्या समाजात आता विरळाच. पण अंतर, वेळ आणि पैसा हे तिघे मिळून तेच काम गुपचूप करतात. किती मुलींनी आपल्या मनातला अभ्यासक्रम बसच्या वेळापत्रकाकडे पाहून सोडला असेल, त्याची नोंद कुठल्याही कचेरीत नाही.

आता मुलगी पास काढते आणि बायकांच्या डब्यात बसून जाते. सोबत गावातल्या आणखी चौघी असतात. परत येताना अंधार पडला तरी गाडी कुठे पोचली असेल ते आईला साधारण कळते. काळजी संपली असे मुळीच नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून काढायचा, कुठल्याशा कागदावर नावात एक अक्षर चुकले म्हणून पुन्हा रांग लावायची आणि पैसे खात्यावर कधी पडतात त्याची वाट पाहायची, हे आहेच. तोपर्यंत आईची बचत गटाची उचल कामी येते. बचत गटाच्या वहीत 'किरकोळ घरखर्च' असे लिहिलेले असते. त्यात कितीदा मुलीची सेमिस्टरची फी असते, ते गटातल्या बायकांना विचारा.

मुलग्यांची काळजी मात्र वेगळ्या वाटेने जाते. त्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९७० मध्ये सिडको आली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घ्यायचे ठरले. भातशेती गेली, मिठागरे गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले आणि १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखांना झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांच्या बलिदानातून पुढे साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क उभा राहिला. पण भूखंडाचा हिशेब सातबाऱ्यावरून चालतो. दुसऱ्याच्या शेतात लावणी-कापणी करणारे आणि दुसऱ्याच्या मिठागरात उन्हाळाभर मीठ ओढणारे हात सातबाऱ्यावर कुठून असणार? आपल्या पुष्कळ कुटुंबांची गोष्ट इथेच थांबते. काम गेले, पण दाखवायला कागद नव्हता.

मे १९८९ मध्ये बंदर सुरू झाले, भोवती कंटेनर यार्डे उभी राहिली, आणि मिठागरात राबणाऱ्यांची मुले त्या यार्डात ठेकेदाराच्या हाताखाली लागली. आज तिसरी पिढी तिथे आहे. पाळी कधी आठ तासांची, कधी सलग बाराची. बोट लागली की काम, नाही लागली की घरी. हजेरी भरली तर पगार. आईला रोज विचारावे लागते, 'आज डबा रात्रीचा की दिवसाचा?' या मुलांना लोकलचा उपयोग थोडाच, कारण यार्डे स्टेशनापासून दूर आणि रात्री बाराला सुटणाऱ्या पाळीसाठी वाहन कोण देणार? म्हणून मोटारसायकल. ती हप्त्यावर. आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे, त्यातले कित्येक दिवा न लावता. उरणमधल्या कुठल्याही आईला विचारा, तिची सर्वांत मोठी भीती कोणती? ती आजाराचे नाव घेणार नाही, ट्रेलरचे घेईल. घरातला पोरगा रात्री निघाला की 'हेल्मेट घाल' हे वाक्य ती त्याच्या पाठीला सांगत असते. पोरगा हेल्मेट हँडलला अडकवून निघून जातो. बाबांनो, ते डोक्यासाठी आहे!

अपघात झालाच तर पुढे काय, हा प्रश्नही आहे. तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे, पण जखम गंभीर असली की पनवेल, नेरूळ नाही तर वाशी. शंभर खाटांच्या रुग्णालयाची मागणी इथल्या लोकांनी वर्षानुवर्षे लावून धरली आहे. एवढे मोठे बंदर, ओएनजीसीचा प्रकल्प, वायू विद्युत केंद्र, सगळे एका छोट्याशा तालुक्यात. तिथे हे रुग्णालय पहिल्याच यादीत असायला हवे होते. ३ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागली आणि चौघांचा बळी गेला. त्या दिवशी आजूबाजूच्या वस्त्यांतून लोक मुलाबाळांना घेऊन घराबाहेर पडले होते. तेव्हापासून भोंगा वाजला की बाई आधी गॅसचा खटका बंद करते आणि मग दारात येते. कोणी शिकवले नाही, हाताला सवय लागली.

लोकलचेही सगळे गोड नाही. सुरू झाली तेव्हा दोन्ही बाजूंच्या मिळून दिवसाला ४० फेऱ्या होत्या, म्हणजे तासाला साधारण एक गाडी. एक चुकली की तासभर बाकावर. नेरूळला घरकामाला जाणारी बाई अशी एकदा उशिरा पोचली तर मालकीण ऐकून घेते, दुसऱ्यांदा पोचली तर पगारातून कापते. शिवाय स्टेशन ते वस्ती रिक्षा करायची तर ती पासापेक्षा महाग पडते. म्हणून चार जणी मिळून एक रिक्षा, किंवा पायी. पायी चालणाऱ्यांना रस्त्याला दिवे हवेत. एवढी साधी मागणी महिला मंडळांनी ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत लेखी द्यायला हरकत नाही. पोच घ्यायला विसरू नये.

काळजीचेच पुराण लावले असे वाचकांना वाटेल. तसे नाही. उरणचा हिवाळा ज्याने पाहिला त्याला ठाऊक आहे. वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, जाडे मीठ, ओवा, जमले तर मसाला लावलेली कोंबडी आणि चार अंडी; पुन्हा पाला दाबून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा पेटवायचा. पाणी नाही, तेल नाही. अर्ध्या तासात शेंगांचा वास शेजारच्या आळीपर्यंत जातो. यार्डातून पाळी संपवून आलेला मुलगा, नेरूळहून आलेली मुलगी, म्हातारा बाप, सगळे त्या विस्तवाभोवती बसतात. त्या रात्री टीव्ही बंद असतो.

रविवारी पीरवाडीचा किनारा आहे. तिकीट नाही, फाटक नाही. घरून चण्याची उसळ आणि पाव न्यावे, मुलांना वाळूत सोडावे, नवरा-बायकोने जरा बाजूला बसून बोलावे. वर्षभर जे बोलायचे राहून जाते ते तिथे बोलून होते. मे महिन्यात करंजाच्या बाजारातून बोंबील, सुकट, वाकट्या आणून उन्हात द्यायच्या आणि पावसाळ्यासाठी डब्यात भरायच्या, हाही एक सोहळाच. मांजर राखायला नातवंडांना बसवतात. मांजरापेक्षा नातवंडेच जास्त सुकट खातात.

आणि आजीचे सांगायचे राहिले. बेलापूरला दिलेल्या लेकीकडे जायचे म्हणजे पूर्वी तिला कोणीतरी पोचवायला लागे. वर्षातून दोनदा जाणे होई, तेही बारसे नाही तर आजारपण असले तर. आता ती सकाळची कामे आटोपून एकटी गाडीत बसते. पिशवीत कोलंबीचे सुके नाही तर तांदळाच्या भाकऱ्या. दुपारी लेकीशी बोलून, नातवाचा पापा घेऊन, चारच्या आत परत. 'तिथी कोणती?' म्हणून आता तिला कोणी विचारत नाही. पण ती अजून मनातल्या मनात पाऊणपट करते, कारण करंजाहून रेवसला होडीने जायचे असले, अलिबागला कलेक्टर कचेरीत काम निघाले, तर पाणी बघावेच लागते. शिवाय लाँचही अजून चालू आहे. भाऊच्या धक्क्यावर मासळी आणायला जाणाऱ्या बायका अजून मोऱ्यानेच जातात. लोकलच्या डब्यात पाट्या न्यायच्या कशा, हा त्यांचा सवाल आहे, आणि तो अगदी बरोबर आहे.