खोक्यावरचे आकडे आणि पडद्यावरचा उजेड

प्रोजेक्टरच्या जाहिरातीत सर्वांत ठळक छापला जातो तो लुमेनचा आकडा, आणि सणासुदीच्या सेलमध्ये सर्वांत जास्त फुगतो तोही हाच. लुमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप. ते मोजण्याची रीत अमेरिकेच्या ‘अॅन्सी’ या मानक संस्थेने १९९२ मध्ये ठरवून दिली. पडद्यावर पूर्ण पांढरे चित्र टाकायचे, त्याचे नऊ समान भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यावर प्रकाश लक्समध्ये मोजायचा आणि सरासरीला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचे. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स होतो. आता यासाठी ‘आयएसओ २१११८’ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. ‘लाइट सोर्स लुमेन’ हा आकडा मात्र दिव्याजवळचा असतो. भिंगातून बाहेर येईपर्यंत त्यातला बराच प्रकाश खर्ची पडतो. नुसते ‘लुमेन’ लिहिले असेल, तर ते कोणत्या रीतीने मोजले हे कळायला मार्ग नसतो.

खरी गरज किती, हे हिशेबाने काढता येते. १०० इंची पडदा सुमारे २.२ मीटर रुंद असतो आणि त्याचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर भरते. डिजिटल चित्रपटगृहात पांढऱ्या रंगाची उजळता ४८ निट्स (निट हे उजळतेचे एकक) ठेवतात. अंधाऱ्या खोलीत, साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढी उजळता मिळवायला साधारण ४२० अॅन्सी लुमेन पुरतात. म्हणजे प्रामाणिकपणे मोजलेले ४२० लुमेनही थोडे नव्हेत.

अडचण येते ती काळ्या रंगाची. प्रोजेक्टर प्रकाश टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही. पडद्यावरचा काळा भाग म्हणजे खोलीतल्या उजेडात तो पडदा जसा दिसतो तसा. दिवे चालू असताना पडद्यावर १५० लक्स उजेड पडत असेल, तर पांढऱ्या पडद्याची उजळता जवळपास ४८ निट्स होते. चित्रपटगृहातला पांढरा तो इथला काळा! अशा खोलीत १००० अॅन्सी लुमेनचा प्रोजेक्टर १०० इंची चित्रावर सुमारे ३६० लक्स प्रकाश टाकतो. तेव्हा पांढऱ्या आणि काळ्यातले प्रमाण, म्हणजेच कॉन्ट्रास्ट, जेमतेम साडेतीनास एक उरते. खोक्यावर १०,०००:१ छापलेले असले तरीही. शिवाय तो छापील आकडा बहुधा ‘फुल ऑन-ऑफ’ पद्धतीचा असतो: आधी पूर्ण पांढरे, मग पूर्ण काळे चित्र. अॅन्सी कॉन्ट्रास्ट १६ चौकटींच्या काळ्या-पांढऱ्या पटावर एकाच वेळी मोजतात, म्हणून तो पुष्कळ कमी आणि पुष्कळ खरा असतो. जास्त लुमेनसाठी पैसे मोजण्याआधी खिडक्यांना जाड पडदे लावावेत, तेच अधिक फायद्याचे.

रिझोल्यूशनमध्ये पाहायचा शब्द ‘नेटिव्ह’. ‘फोर-के सपोर्ट’ म्हणजे यंत्र फोर-के फाइल स्वीकारते, एवढेच. आतली चिप १२८०×७२० ची असेल तर पडद्यावर सव्वानऊ लाखांच्या आसपासच पिक्सेल पडतात. फोर-केला सुमारे ८३ लाख लागतात. ‘पिक्सेल शिफ्ट’ हा मधला मार्ग फसवा नाही. त्यात १९२०×१०८० ची चिप प्रत्येक चित्रासाठी झपाट्याने चार जागी सरकवलेली प्रतिमा दाखवते आणि डोळा ती एकत्र पाहतो. ही चिप बहुधा ‘डीएलपी’ प्रकारची असते; तिच्यावर लाखो सूक्ष्म आरसे असतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ती शोधली आणि २०१५ मध्ये त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. एकाच चिपचा प्रोजेक्टर लाल, हिरवा, निळा रंग एकामागून एक दाखवतो, त्यामुळे काहींना क्षणभर इंद्रधनुषी कडा दिसतात. ‘थ्री-एलसीडी’ प्रोजेक्टरमध्ये तिन्ही रंग एकदमच पडतात, म्हणून हा त्रास नसतो.

‘थ्रो रेशो’ म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी. तो १.५ असेल, तर १०० इंची चित्रासाठी प्रोजेक्टर सुमारे ११ फूट मागे हवा. ‘अल्ट्रा शॉर्ट थ्रो’मध्ये हा आकडा साधारण ०.४ च्या खाली असतो. यंत्र तिरके ठेवले की चित्र एका बाजूला फाकते. ‘डिजिटल कीस्टोन’ ते सरळ करते, पण त्यासाठी काही पिक्सेल वाया घालवते. ‘लेन्स शिफ्ट’ भिंगच सरकवते, त्यामुळे तपशील शाबूत राहतो.

पडद्याचा ‘गेन’ १ असेल, तर तो प्रकाश सर्व दिशांना सारखा परतवतो. गेन वाढला की समोरच्याला चित्र उजळ दिसते आणि कडेला बसलेल्याला फिके. ‘एएलआर’ (अँबियंट लाइट रिजेक्टिंग) पडदा खोलीतला उजेड दुसरीकडे वळवून काळा रंग बराच राखतो. मात्र तो प्रोजेक्टरच्या जागेशी जुळणाराच घ्यावा लागतो.

खरेदीच्या वेळी क्रम असा असावा: आधी खोलीतला उजेड, मग भिंतीपासूनचे अंतर, त्यानंतर अॅन्सी किंवा आयएसओ लुमेन आणि नेटिव्ह रिझोल्यूशन. पंख्या-फ्रिजवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे होऊ शकते, तर प्रोजेक्टरच्या खोक्यावरही प्रमाणित लुमेन छापणे बंधनकारक व्हायला हवे. तोवर जो विक्रेता हा आकडा सांगत नाही, त्याच्याकडचे यंत्र घेऊ नये.