दुंदुन : योरुबांचे बोलके वाद्य

नैर्ऋत्य नायजेरिया व त्याला लागून असलेल्या बेनिनमधील योरुबा समाजाचे ‘दुंदुन’ हे प्रमुख अवनद्ध वाद्य होय. डमरूसारखे मध्ये निमुळते लाकडी खोड, दोन्ही तोंडांवर पातळ कातड्याच्या पुड्या आणि त्यांना जोडणाऱ्या चामड्याच्या वाद्या, अशी त्याची रचना असते. वादक ते डाव्या खांद्यावरून अडकवतो, डाव्या हाताने वाद्या आवळतो आणि उजव्या हातातील वाकड्या काठीने आघात करतो. वाद्या आवळल्या की स्वर चढतो, सोडल्या की उतरतो. आघातानंतर त्या हळूच आवळल्यास नाद मींड घेतल्यासारखा वर सरकतो. केरळच्या इडक्कातही दोऱ्या दाबून स्वर बदलतात, मात्र तेथे त्याचा हेतू निव्वळ सांगीतिक असतो.

दुंदुनचे बोलणे ही तारेच्या कडकट्टसारखी सांकेतिक लिपी आहे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. योरुबा ही स्वरभेदी भाषा आहे. तिच्यात उच्च, मध्य व नीच असे तीन स्वरस्तर असून त्यांवर शब्दाचा अर्थ ठरतो. ‘ओको’ हा एकच उच्चार स्वर पालटताच पती, कुदळ, वाहन किंवा भाला होतो. वादक वाक्यातील हाच चढउतार हुबेहूब काढतो. व्यंजने अर्थातच गळून पडतात आणि एकाच सुरावटीत अनेक वाक्ये बसू शकतात. म्हणून तो सुटे शब्द सहसा वाजवत नाही. सर्वांच्या कानांत रुळलेल्या म्हणी आणि ‘ओरिकी’, म्हणजे व्यक्तीची वा कुळाची बिरुदावली, वाजवतो. ऐकणाऱ्याला ती मुळात पाठ असावी लागते.

वाद्यवृंदात हे बोलण्याचे काम मुख्यतः ‘इया इलू’, म्हणजे माता-ढोल, करतो. त्याच्या कडेला पितळी घुंगरू बांधलेले असतात. इतर ढोल ठरलेला ठेका धरून राहतात. ‘गुदुगुदु’ हे त्यांतील लहानसे, एकाच तोंडाचे वाद्य गळ्यात अडकवून चामड्याच्या दोन पट्ट्यांनी वाजवतात. नायजेरियन गायक किंग सनी अडे यांच्या जूजू या लोकप्रिय शैलीच्या संगीतात विद्युत गिटारींच्या जोडीला हाच बोलका ढोल ऐकू येतो.

वादनाची विद्या घराण्यात चालते. आयान या वादकांच्या आद्यदैवताचे नाव अशा घरांतील मुलांच्या नावांना जोडलेले असते. राजवाड्यावर आलेला पाहुणा कोण, हे राजाला ढोलाने कळवण्याचा मान या घराण्यांकडे होता. आज लग्नसमारंभात वादक एखाद्या पाहुण्यासमोर उभा राहून त्याच्या पूर्वजांची ओरिकी वाजवू लागतो. पाहुणा ती ओळखतो, नाचत पुढे येतो आणि वादकाच्या घामेजल्या कपाळावर नोट चिकटवतो.