हलक्या घागरीमागचा रसायनशास्त्रज्ञ



डोक्यावरून पाणी आणताना भार दोन गोष्टींचा असतो, पाण्याचा आणि भांड्याचा. १५ लिटर पाणी म्हणजे १५ किलो, ते काही कमी होत नाही. पण भांडं हलकं झालं. तांब्या-पितळेच्या हंड्याजागी प्लॅस्टिकची घागर आली आणि मानेवरचा थोडा भार उतरला. या घागरीमागे कार्ल झीग्लर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं काम आहे. आज त्यांच्याविषयी बोलू या.

झीग्लर यांचा जन्म १८९८ सालचा. त्यांचा विषय होता कार्बन आणि धातू थेट जोडलेले पदार्थ. कार्बन लाकडात, तेलात, धान्यात सगळीकडे असतो. पण त्याला लिथियम किंवा अ‍ॅल्युमिनियमसारखा धातू थेट जोडला, की पदार्थ फार तापट होतो. काही तर हवा लागताच पेटतात. असे पदार्थ सांभाळत झीग्लर यांनी अनेक वर्षं काम केलं. १९४३ मध्ये म्युल्हाईम गावच्या कोळसा संशोधन संस्थेने त्यांना प्रमुखपद देऊ केलं. त्यांनी अट घातली, ‘विषय मी निवडीन, कोळशाचं बंधन नको.’ संस्थेने ती मान्य केली.

आता एथिलीन वायूकडे वळू. केळी, आंबे पिकताना हाच वायू सुटतो. त्याचे बारीक कण एकमेकांना जोडत गेलं, की लांब साखळी होते. तेच पॉलिथिलीन. ते इंग्लंडमध्ये १९३३ सालीच सापडलं होतं, पण त्यासाठी हवेच्या हजारपटीहून जास्त दाब आणि भरपूर उष्णता लागे. शिवाय साखळ्यांना फांद्या फुटत. बाभळीच्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी पोकळच राहते, तसं हे प्लॅस्टिक मऊ राही. पिशवीला ठीक, घागरीला नाही.

झीग्लर अ‍ॅल्युमिनियमच्या मदतीने साखळी वाढवू पाहत होते. एकदा ती दोनच कण जोडून थांबली. प्रयोग फसला म्हणून त्यांनी तो सोडून दिला नाही, कारण शोधलं. भांड्यात निकेल धातूचा अंश राहिला होता. मग त्यांना वाटलं, एका धातूची चिमूट साखळी थांबवते, तर दुसऱ्या धातूची ती वाढवीलही! सहकाऱ्यांनी एकेक धातू तपासला. १९५३ मध्ये झिर्कोनियम आणि मग टायटॅनियम कामी आले. आता साध्या काचेच्या बरणीत, नेहमीच्या हवेच्या दाबावर पॉलिथिलीन तयार होऊ लागलं. त्याच्या साखळ्या सरळ होत्या. कडब्याची पेंढी जशी घट्ट बांधली जाते, तशा त्या एकमेकींना चिकटून बसल्या. म्हणून हे प्लॅस्टिक टणक झालं.

अशा मदतनीस पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. लग्न जुळवणारा मध्यस्थ एक सोयरीक जमवून पुढच्या घरी जातो, तसा उत्प्रेरक कण जोडून देतो आणि पुढच्या जोडणीला मोकळा राहतो. म्हणून थोडासा पुरतो.

पुढे १९५४ मध्ये इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांनी याच वाटेने पॉलिप्रॉपिलीन बनवलं. खताची विणलेली पोती त्याचीच असतात. १९६३ चं नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळालं.

सख्यांनो, जी साखळी घागरीला टिकाऊ करते, तीच मातीत कुजत नाही. म्हणून काही गोष्टी आपण पाळू या. भांड्याच्या तळाशी त्रिकोण असेल तर पाहा, २ आकडा म्हणजे हे टणक पॉलिथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. दोन्ही वितळवून पुन्हा वापरता येतात, तेव्हा फुटकी घागर भंगारवाल्याला द्या. चुलीत प्लॅस्टिक घालू नका, तो धूर आपल्याच छातीत जातो. आणि फवारणीच्या औषधाचा कॅन कितीही धुतला तरी त्यात पाणी किंवा धान्य ठेवू नका. औषध प्लॅस्टिकमध्ये मुरतं.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत घरातल्या भांड्यांचे तळ जरूर पाहा.