सात घरं दाखवायची कोणी?

मांजर आपल्या पिलांना सात घरं दाखवते, असं आपल्याकडे म्हणतात. पिलं जरा मोठी झाली की ती एकेकाला मानेला धरून उचलते. आज माळ्यावर, उद्या शेजारच्या कोठ्यात, परवा कुणाच्या कुटाराच्या ढिगामागे. बोका आणि कुत्रं यांच्यापासून पिलं लपवायची, एवढाच तिचा हेतू. पुढे हीच आई त्यांना मागे घेऊन हिंडते. उंदीर कसा धरायचा, कुत्रं दिसलं की कोणत्या भिंतीवर चढायचं, हे पिलू तिचं बघून शिकतं.

आपण मात्र दीड-दोन महिन्यांचं पिलू पिशवीत घालून घरी आणतो. त्याची शाळा तिथेच सुटते. मग ते पहिल्यांदा उंबरठा ओलांडणार, तेव्हा त्याला सात घरं दाखवायची कोणी? मैत्रिणींनो, हे काम शेवटी आपल्याकडेच येतं. दूध घालणारी आपण, हाक मारणारीही आपणच.

आमच्या बार्शीटाकळीत मांजर घरात कोंडून ठेवतात, असं सांगितलं तर लोक हसतील. आमची भुरी चार महिने घरातच होती, तेव्हा शेजारच्या आजी रोज विचारायच्या, "कायले कोंडून ठेवलं वं बाई तिले? मांजर हाये ते, हिंडू दे ना!" आजींचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते संशोधन 2004 साली प्रसिद्ध झालं. इतकी जुनी ही सोबत. माणसानं धान्य साठवलं, त्यावर उंदीर आले आणि उंदरांच्या मागे मांजर आलं. ते आपल्या पायांनी आलं, त्यामुळे येण्याजाण्याची मोकळीक त्याच्या रक्तातच आहे.

पण आजींच्या तरुणपणीचं गाव आता राहिलेलं नाही. रस्त्यावर ट्रक आणि मोटारसायकली वाढल्या. उंदरांसाठी घरोघरी विषारी वड्या ठेवतात. विष खाऊन अर्धमेला झालेला उंदीर मांजराला आयता सापडतो आणि दोघंही जातात. आपला हा कपाशीचा मुलूख. फवारणीचे डबे, पंप अंगणात पडलेले असतात. मांजर त्यावरून चालतं आणि मग पाय चाटून स्वच्छ करतं. मोकाट कुत्री तर विचारूच नका.

मग कायमचं घरातच ठेवावं का? जगात याची दोन उत्तरं आहेत. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा इथे 1 जुलै 2022 नंतर जन्मलेलं मांजर मोकळं सोडायला बंदी आहे, कारण मांजरांनी तिथल्या पक्ष्यांचा आणि छोट्या प्राण्यांचा फार संहार केला. इंग्लंडमध्ये मांजरं सर्रास बाहेर हिंडतात, मात्र जून 2024 पासून पाळीव मांजराच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवणं सक्तीचं झालं आहे. आपल्या टिनाच्या छपराच्या, उघड्या अंगणाच्या घरात मांजर कोंडणं जमत नाही. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल घरात ठेवावं, ते जास्त सुरक्षित. बाकीच्यांनी सोडावं, पण तयारीनं सोडावं.

पहिली तयारी लसीची. पिलू 8-9 आठवड्यांचं झालं की मांजरांच्या साथीच्या रोगांची पहिली लस, त्यानंतर 3-4 आठवड्यांनी दुसरी. 3 महिने पूर्ण झाले की रेबीजची, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. कुत्र्यानंच रेबीज होतो असा आपला समज असतो. मांजराच्या चाव्यानं आणि नखानंही तो होऊ शकतो, आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस सहसा वाचत नाही. मुलाला ओरखडा जरी निघाला, तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिखट, चुना, हळद काही लावू नका.

दुसरी तयारी ऑपरेशनची. आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला, तर हशा पिकला. "मांजरीचंबी ऑपरेशन? बायकाइचं व्हतेच, आता मांजरीइचंबी!" हसून झाल्यावर मी विचारलं, "मागच्या वर्षी तुमच्या आळीतली पिलं कुठे गेली?" तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. कुणी पोत्यात घालून बाजारात सोडली होती, कुणी नाल्याकाठी. सोडायला पुरुष गेले होते, पण पिलं शोधत रात्रभर ओरडणारी मांजर घरातल्या बायकांनीच ऐकली होती.

हिशेब साधा आहे. मांजर 4-5 महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. सुमारे 63 ते 65 दिवसांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा विऊ शकते. आपल्याला ती अजून पिलूच वाटत असते, आणि तिच्या पोटात पिलं असतात. म्हणून साधारण पाचव्या महिन्यात डॉक्टरांना विचारून ऑपरेशन करावं आणि जखम भरल्यावरच दार उघडावं. बोक्याचंही करावं. त्याचं दूरवर भटकणं, मारामाऱ्या करून रक्तबंबाळ होऊन येणं बरंच कमी होतं.

भुरीला मी अकोल्याला नेलं. तिथे स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, खासगी डॉक्टरही आहेत. भाजीच्या दोन प्लास्टिक टोपल्या एकीवर एक उपडी घातल्या, सुतळीनं बांधल्या, वरून ओढणी टाकली. गाडीत लोक वाकून वाकून बघत होते. एका बाईनं सगळी चौकशी केली आणि उतरताना म्हणाली, "माह्या घरीबी एक हाये. आणीन तिले."

आता प्रत्यक्ष सोडण्याचं. नवं मांजर दोन-तीन आठवडे तरी घरातच ठेवावं, म्हणजे हे आपलं घर हे त्याच्या नाकात बसतं. रोज जेवण देताना एकच हाक मारावी, वाटी वाजवावी. पहिल्यांदा सोडायचं ते दिवसाउजेडी आणि जेवणाआधी. पोट रिकामं असलं की वाटीचा आवाज ऐकून परत येतं. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा संक्रांतीच्या मांज्याच्या दिवसांत मुळीच सोडू नये. उचलून बाहेर ठेवू नये. दार उघडं ठेवून आपण अंगणात निवडणं-टिपणं घेऊन बसावं. त्याला वाटेल तेव्हा ते येईल. घाबरलं तर आत पळायला दार मोकळं हवं.

पहिल्या दिवशी 10-15 मिनिटं पुरे. मग हळूहळू वाढवावं. दिवस मावळायच्या आत मात्र घरात घ्यावं, कारण तिन्हीसांजा आणि पहाट याच त्यांच्या शिकारीच्या वेळा. आणि एक राहिलंच. दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा बांधतात, घुंगरू बांधतात. तो दोरा बोरी-बाभळीच्या काट्यात किंवा तारेत अडकला तर फास बसतो. पट्टा घालायचाच असेल तर ओढ बसताच सुटणारा घाला.

भुरी पहिल्या दिवशी तुळशीवृंदावनापर्यंत गेली, हुंगली, आणि पावडरचा वास असलेल्या माझ्या साडीत येऊन बसली. आठ दिवसांनी कुंपणाची भिंत चढली. आता शेजारची चारपाच घरं तिची झालीत. मी त्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, "ही आमची आहे, उंदराचं औषध ठेवायचं तर आम्हाला सांगा." तेही कामच आहे. नुसतं मांजराला घरं दाखवून भागत नाही, घरांनाही मांजर दाखवावं लागतं. एका घरी औषधाच्या वड्या गेल्या आणि उंदरांचा पिंजरा आला.

मैत्रिणींनो, बाहेर सोडणं वेगळं आणि वाऱ्यावर सोडणं वेगळं. तुमच्या घरी पिलू असेल तर आज त्याचं वय बोटांवर मोजा. लस झाली का, ऑपरेशनला किती दिवस आहेत, हे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहून ठेवा. त्या तारखा पार पडल्या की खुशाल दार उघडा.