काचेवर पाणी येत नाही? पंप घरीच तपासा

रात्री पुढच्या ट्रॉलीचा चिखल जीपच्या काचेवर उडतो आणि नेमके तेव्हाच काच धुण्याचे पाणी येत नाही. कोरडा वायपर चिखल आणखी फासतो, समोरची उसाची बैलगाडी दिसत नाही.

इंजिन बंद ठेवा, चावी फिरवून वायपरची दांडी ओढा आणि कान द्या. घुर्र आवाज येतो पण पाणी नाही, तर पंप बहुधा शाबूत आहे. टाकी भरलेली आहे ना, नळी निसटली नाही ना, ते पाहा. पाणी उडते त्या छिद्रात बारीक सुई फिरवा.

आवाजच नसेल तर आधी फ्यूज पाहा. तो ठीक असल्यास वायरीचा जोड सोडून, टाकीच्या तळाशी रबरी बुचात बसवलेला पंप हलक्या हाताने ओढा. खाली बादली ठेवा, टाकी रिकामी होते. जाळी असल्यास गाळ धुवा. पंपाला बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर द्या. फिरला तर दोष वायरीत किंवा दांडीच्या स्विचमध्ये. नाही फिरला तर नवाच आणा.

माझा पंप बोअरच्या क्षारांनी बसला. फवारणीला पाणी गाळून घ्या, असे गावोगाव सांगणारा मी! आता पावसाचे पाणी फडक्याने गाळून भरतो.