इंटर्नला काय करावं लागतं?

सहायक तंत्रज्ञानातली, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या साधनांवरची, इंटर्नशिप म्हटली की रोबोटिक हात डोळ्यांपुढे येतो. सुरुवात सहसा साधी असते: माऊस बाजूला ठेवायचा, संगणकाचा पडदा बंद करायचा आणि फक्त कीबोर्ड व मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करून पाहायचं. त्यासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर सोयीचा. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला आणि मित्र जेम्स टेह यांच्यासोबत पुढे नेलेला; दोघेही दृष्टिहीन. विंडोजवर चालणारा आणि मोफत.

मराठीत खरं किचकट काम जुन्या फाँटचं. युनिकोडपूर्वीच्या फाँटमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड दडलेले. त्यामुळे स्क्रीन रीडर अर्थहीन काहीतरी बडबडतो. हा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, मग रफार, वेलांट्या, जोडाक्षरं ओळीओळीने तपासायची. स्कॅन केलेली पानं तर नुसती चित्रंच. त्यांना आधी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, लागतं. इथे कोडिंगपेक्षा पक्कं शुद्धलेखन जास्त उपयोगी पडतं, हे अभियांत्रिकीच्या मुलांना सहसा पटत नाही.

यंत्रंच बनवायची असतील तर दृष्टिहीनांच्या काठीला बसवायचं आयआयटी दिल्लीचं ‘स्मार्टकेन’ पाहावं. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेलं हे उपकरण २०१४ मध्ये वापरकर्त्यांसाठी आलं. साधी पांढरी काठी जमिनीलगतचे अडथळे शोधते, छातीच्या उंचीवर आलेली फांदी नाही. काठीच्या मुठीपाशी बसवलेलं हे उपकरण श्राव्यातीत ध्वनिलहरींनी असा अडथळा हेरतं आणि कंपनाने सावध करतं.